चव्वेचाळीस हजार गाण्यांचा बंदोबस्त

४ मार्च

आणि वर मलाच विचारतो, कुठला प्लग? खोलीच्या भिंतीत प्लगची जागा एक. एक म्हणजे एकच. त्यातून माझा लॅपटॉप काढला, तिथे किटली लावली, आणि विचारतो कुठला प्लग. म्हटलं, अरे, कॉपी चालू होती. तर म्हणतो, मला काय माहीत, पडदा काळा होता, मला वाटलं झोपलाय. झोपलाय! म्हणजे झोपलेल्या माणसाची नळी काढून हा चहा करणार.

हा ढेकर. खोलीतला पार्टनर. आमच्याच हॉटेलात भांडी घासतो. खरं नाव बरंच चांगलं आहे, पण जेवून आला की जिन्यापासून कळतं, म्हणून ढेकर.

एकोणीस तासांचं काम दाखवत होतं, त्यातलं सहा तासांचं झालं होतं. लॅपटॉपची बॅटरी कधीच वारली, प्लग निघाला की तोही जागच्या जागी आडवा. सहा तास चहात बुडाले.

माझ्याकडे चव्वेचाळीस हजार गाणी आहेत. हे इथे एकदा नीट लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. घरी असताना मोबाईलच्या दुकानात होतो. गिऱ्हाइकाचं कार्ड घ्यायचं, गाणी भरून द्यायची. माझी पद्धत अशी की भरण्याआधी त्याच्या कार्डात जे असेल ते आपल्या डिस्कवर ओढून घ्यायचं. शेठ म्हणायचे ही चोरी आहे. शेठला संग्रह आणि चोरी यातला फरक कळत नव्हता. काही गाणी त्यात वीस-वीस वेळा आहेत, पण प्रत्येक वेळी वेगळ्या गिऱ्हाइकाकडून आलेली आहेत.

ती डिस्क, लॅपटॉपला बाहेरून जोडायची, गेल्या आठवड्यापासून टिकटिक करते. डिस्क टिकटिकली की समजायचं, निरोप घेतेय.

निश्चय: या महिन्यात बॅकअप. घरी पूर्ण बारा हजार रुपये पाठवायचे. ढेकरशी बोलणं बंद.

५ मार्च, दुपारची सुट्टी

ढेकरशी बोलावं लागलं. साबण त्याच्याकडे होता.

ताईचा फोन. भाऊजींना काम मिळालं, तीन मजली शाळा रंगवायची आहे. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा, रंगारी. माणूस गरीब आहे, म्हणजे डोक्याने. त्याच्या फोनमध्ये गाणी किती? बारा. शिडीवर बसून दिवसभर तीच बारा, संपली की पुन्हा पहिल्यापासून. फोनच्या काचेवर तीन रंगांचे शिंतोडे. एकदा डिस्टेंपरच्या बादलीत पडला होता, काढला, उन्हात ठेवला, परत कानाला.

कार्ड मीच भरून दिलं होतं, इकडे यायच्या गडबडीत. काय काय टाकलं देव जाणे. म्हटलं होतं, भाऊजी, पाच हजार देतो. तर म्हणाले, नको रे बाबा, ऐकणार कधी?

ऐकणार कधी! गाणी काय ऐकायला जमवतात?

ताई हसत सांगत होती, त्यातल्या एकात मध्येच भांडं पडल्याचा आवाज येतो आणि ह्यांना नेमकं तेच आवडतं. असला माल बाळगतात लोक. मी पण हसलो. ताईचं मन राखायचं म्हणून.

८ मार्च

आईचा फोन. सुरुवात नेहमीची. जेवलास का, वजन किती, तिकडे थंडी आहे का. मग म्हणाली, बाबा क्लॅरिनेट विकायला निघालेत.

बाबा तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. गेल्या वर्षी सगळे दात काढले, कवळी बसवली. आता फुंकलं की कवळी हलते आणि सूर सोडून सगळं बाहेर येतं. आई म्हणाली, त्याचं एवढं नाही रे. पण ते आता म्हणायला लागलेत, मला कधी येतच नव्हतं. लोक उगीच मान डोलवायचे. परवा शेजारच्याला सांगत होते, आम्ही आपले मागच्या रांगेतले. अरे, पुढे उभे असायचे ते! गिऱ्हाईक ठरलंय, महिनाअखेरीला घेऊन जाणार. तू ते रेकॉर्डिंग केलं होतंस ना गच्चीत? तेवढं पाठव. त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू दे.

आहे. अकरा मिनिटं. बाबांचे दात होते तेव्हाचं. मी फोन धरून बसलो होतो. मध्येच आईच ओरडते, अहो, दूध उतू गेलं, आणि पातेलं पडतं, आणि बाबा न थांबता वाजवत राहतात. दुसरी प्रत कुठेही नाही. फक्त माझ्या डिस्कवर.

आईला म्हटलं, पाठवतो, पण असं एक सुटं पाठवणं माझ्या पद्धतीत बसत नाही. आधी बॅकअप, मग मांडणी, मग फोल्डर, फोल्डरवर बाबांचा फोटो. ती म्हणाली, फोटो नको, मी बाबा रोज बघते. तुला वेळ नसेल तर तुझ्या भाऊजींना विचारू का, त्यांना गाण्याचा नाद आहे. मी हसलो. म्हटलं, आई, बारा गाण्यांना नाद म्हणत नाहीत. त्यांना यातलं काही कळत नाही, मुळीच विचारू नकोस. हे काम माझं.

बरं, म्हणाली.

११ मार्च

खोलीत ढेकर, म्हणून लॅपटॉप कामावर नेला.

आमची लॉन्ड्री हॉटेलच्या तळघरात. मी रोलरवर असतो. रोलर म्हणजे तापलेलं मोठं लाटणं. दोघांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून आत सरकवायची, पलीकडून कडक होऊन बाहेर येते. यात डोकं लागत नाही, म्हणून मी कंटाळतो. टॉवेलांच्या खोलीत मागे एक प्लग आहे. तिथे लॅपटॉप लावून वर टॉवेल पसरले.

दर दहा मिनिटांनी बघायला जात होतो. एकदा गेलो ते चादरीचं टोक हातातच होतं, म्हणजे मी सोडलं असं दुसरं टोक धरणाऱ्याचं म्हणणं. चादर दुमडून आत अडकली. तव्यावरच्या भाकरीसारखे डाग पडले. सुपरवायझर बाई आली. तिला मी मनात इस्त्री म्हणतो, तोंडावरची एक सुरकुती हलत नाही. तिने थेट मेन स्विच बंद केला. टॉवेलांच्या खोलीतला प्लगही त्याच स्विचवर आहे, हे ही बाई कोणाला सांगणार नाही.

चादर पगारातून कापणार. कॉपी पुन्हा अर्धी. आणि लॅपटॉप चालू केल्यावर म्हणतो, जागाच पुरत नाही. हे आधी बोलायला काय झालं होतं?

१४ मार्च

सुट्टी. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दुकान कपाटाएवढं, माणूस त्याहून मोठा. म्हणाला, तेवढीच दुसरी डिस्क घ्या, सगळं कॉपी करा, नवी एकटी लावून चार गाणी वाजवून बघा, मगच जुनीला हात लावा. डिस्कची किंमत सांगितली. मी म्हटलं, डिस्क घेतोय, दुकान नाही. तो म्हणाला, दुकान यापेक्षा स्वस्त पडेल.

उद्धट. शिवाय दहा जणांना हाच सल्ला देत असणार, तोंडपाठ होता. आपण आपल्या अकलेने करू. मोबाईलच्या दुकानात चार वर्षं काढली आहेत, बादल्या उचलत नव्हतो.

१७ मार्च, सकाळी १०

झालं. झालं, झालं, झालं.

गाणी लावायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कोपऱ्यात बटण आहे. लायब्ररी एक्स्पोर्ट. इतकी वर्षं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. दाबलं. विचारलं कुठे ठेवू. किल्ल्यांना लटकणारा पेनड्राइव्ह दाखवला, जो मला मोबाईल कव्हरवर फुकट मिळाला होता. चार सेकंद.

चार सेकंदांत चव्वेचाळीस हजार गाणी! आणि पेनड्राइव्ह भरला किती? दिसेल न दिसेल इतका. एका गाण्याएवढीही जागा गेली नाही. आधी जरा शंका आली, पण मग लक्षात आलं, दाबून भरलंय. आम्ही टॉवेल भरतो तसंच. खोलीभर पसरलेले टॉवेल दाबून बांधले की एका पेटीत बसतात. तत्त्व तेच.

उगीच विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. लगेच चाचणी घेतली, ढेकरला साक्षीला बसवून. पेनड्राइव्ह उघडला. एका ओळीखाली एक, सगळी नावं हजर. मधलंच एक दाबलं. वाजलं. शेवटचं दाबलं. वाजलं. ढेकर म्हणाला, ती उशीखालची टिकटिक बंद कर की मग. म्हटलं, डिस्क आहे ती, वायरला जोडलेली आहे, टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे, तुला काय त्रास? तो म्हणाला, नाही, झालंय ना तुझं काम, म्हणून म्हटलं.

काम झालं की त्रास काढायचा, एवढंच या लोकांना कळतं.

दुरुस्तीवाल्याची कीव आली. बिचारा अजून डिस्का विकतो.

१८ मार्च

आईचा फोन. आठवण करून दिली. मी तेव्हाच पेनड्राइव्ह लावून बघितलं. बाबा क्लॅरिनेट गच्ची. नाव स्पष्ट. जीव भांड्यात पडला. तिला म्हटलं, सापडलंय, समोर दिसतंय. म्हणाली, मग पाठव ना आत्ता. म्हटलं, आत्ता कामावर निघतोय, रविवारी निवांत पाठवतो. घाईत पाठवलेलं बाबांना ऐकवायचं का?

बरं, म्हणाली. या बाईला बरं शिवाय शब्द नाही.

२० मार्च

जुनी डिस्क ढेकरला विकली. त्याला कुस्त्या ठेवायला हवी होती. कुस्त्या! दोन माणसं एकमेकांना धरून लोळतात, ते हा पुन्हा पुन्हा बघतो. म्हटलं टिकटिकते, तर म्हणतो, मी पण आवाज करतो. पैसे रोख दिले.

देण्याआधी डिस्क पुसली. नुसती वरवर नाही, फॉरमॅटमधला पूर्णवाला पर्याय घेतला, जो सगळं घासून काढतो. पूर्ण दिवस लागला. सुट्टी त्यातच गेली. पण चार वर्षांची मेहनत ह्या माणसाच्या हातात फुकट जाऊ द्यायची नव्हती. त्याने लगेच कुस्त्यांनी भरायलाही घेतली, काठोकाठ भरणार म्हणे. ओरबाडायचा स्वभाव.

२१ मार्च

डिस्क घ्यायची नाही म्हणजे डिस्कचे पैसे वाचले. त्या वाचलेल्या पैशांत मोठे हेडफोन घेतले, तूर्त उधारीवर. वाचलेले पैसे घरी पाठवायला हवे होते असं एखादा म्हणेल. पण बाबांचं रेकॉर्डिंग पाठवण्याआधी कोणीतरी नीट ऐकून तपासायला नको?

२२ मार्च, रविवार

पेनड्राइव्ह लावला. यादी उघडली. हेडफोन चढवले. बाबा क्लॅरिनेट गच्ची. दाबलं.

फाइल सापडत नाही.

लॅपटॉपची जुनी खोड. बंद करून लावला. दुसरं दाबलं. सापडत नाही. तिसरं. पेनड्राइव्ह फुंकला, शर्टाला पुसला, उलटा लावून बघितला, गेला नाही, सुलटा लावला. चव्वेचाळीस हजार नावं दिसतात. एक बोलत नाही.

ढेकरने किटलीसाठी प्लग मागितला. म्हटलं घे.

२३ मार्च

दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्ह लावला, बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बघितलं. म्हणाला, यात गाणी नाहीत हो. गाण्यांची नावं आहेत, आणि ती कुठे ठेवली होती त्याचा पत्ता. तुम्ही हॉटेलचं मेनूकार्ड घरी आणलंय आणि जेवण मागताय. म्हटलं, पण वाजत होतं! साक्षीदार आहे! म्हणाला, तेव्हा जुनी डिस्क जोडलेली होती का? मी म्हटलं, उशीखाली होती. तो म्हणाला, जोडलेली होती का?

असे प्रश्न विचारणारी माणसं मला आवडत नाहीत.

मग ढेकरकडून डिस्क मागून नेली. ढेकरने लगेच काढून दिली. दुरुस्तीवाला म्हणाला, नुसती पुसली असती तर काहीतरी काढता आलं असतं. पूर्ण फॉरमॅट, वर काठोकाठ कुस्त्या. एवढं नीट कोण पुसतं? बघायचे पैसे घेतले. काही निघालं नाही तरी घेतले.

चूक कोणाची हे स्पष्ट आहे. बटणावर नीट लिहायला हवं होतं.

२६ मार्च

आईचा फोन उचलला नाही. रोलर चालू होता. आज माझी सुट्टी होती, पण कुठेतरी रोलर चालूच असतो.

२८ मार्च

उचलला. गिऱ्हाईक परवा येणार. बाबांनी क्लॅरिनेटची पेटी पुसून दाराशी ठेवली आहे. रेकॉर्डिंग मिळालं नाही म्हणाली, फोन बिघडलाय का आमचा? म्हटलं, नेटवर्क. तिने विचारलं, कोणाचं? म्हटलं, मधलं. मग म्हणाली, सापडत नसेल तर तसं सांग हं, रागावणार नाही.

सापडत नसेल! माझ्या कलेक्शनमध्ये! या शब्दांनी मला फार लागलं, म्हणून मी फोन ठेवला.

२९ मार्च

कामावर हेडफोन लावून उभा होतो. त्यात काही वाजत नव्हतं, पण रोलरचा आवाज छान बंद होतो. म्हणजे पैसे अगदी वाया गेलेले नाहीत.

सुट्टीत एक उपाय सुचला. ती अकरा मिनिटं मला तोंडपाठ आहेत. खोलीत येऊन, फोन समोर ठेवून, तोंडानेच क्लॅरिनेट वाजवली आणि रेकॉर्ड केली. ओठ आवळून. पातेलं पडतं तिथे ताट पाडलं. आईचा आवाजही काढला. ढेकर दारात उभा होता, कधीपासून माहीत नाही. म्हणाला, पोटात दुखतंय का तुझ्या? मग आत आला, किटली लावली, दोन कप केले आणि एक माझ्यासमोर ठेवला.

रेकॉर्डिंग ऐकलं. पुसलं. पुसायला मी चांगला आहे.

३० मार्च

आज गिऱ्हाईक येणार होतं. फोन बंद ठेवला. बॅटरी वाचवायला.

३१ मार्च

फोन चालू केला तर ताई. ओरडतच होती. मी आधीच सांगून टाकलं, हे बघ ताई, तांत्रिक गोष्टी तुला कळायच्या नाहीत. ती म्हणाली, गप रे, ऐक आधी.

झालं असं. आई परवा रात्री तिच्याकडे फोनवर रडली. भाऊजी शेजारी बसून हाताचा रंग काढत होते. म्हणाले, कुठलं रेकॉर्डिंग? ते दूध उतू जातं ते? ते माझ्याकडे आहे की. रोज ऐकतो. ताई म्हणाली, मग बोलला का नाहीत? म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही.

पहाटेच्या गाडीने गेले. पोचले तेव्हा गिऱ्हाईक चहा पीत होतं, पेटी त्याच्या पायाशी. भाऊजींनी रॉकेलचा वास मारणारा तो फोन टेबलावर ठेवला आणि लावलं. बाबा आधी म्हणाले, कोण आहे हा? बरा वाजवतोय. भाऊजींनी आवाज वाढवला. मग फोनमधून आई ओरडली, अहो, दूध उतू गेलं. पातेलं पडलं. आणि खरी आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, तिला वाटलं आत्ताच पडलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, थांबलो नाही बघ मी. दूध गेलं तरी थांबलो नाही.

गिऱ्हाइकाला दुसरा चहा पाजून रिकाम्या हाताने पाठवलं.

कालपासून बाबा कवळी काढून ठेवतात आणि दोन्ही ओठ आत दुमडून फुंकतात. ताई म्हणते बदकासारखा आवाज येतो. आज सकाळी मात्र बदक दोन ओळी सरळ गेलं.

ताई म्हणाली, बाबा सगळ्यांना सांगतायत, पोराने भरून ठेवलं होतं जावयाच्या फोनमध्ये. पोराने जपलं.

जपलंच. त्यात खोटं काय आहे? कार्ड भरलं कोणी? म्हणजे बॅकअप झालेलाच होता, मी घर सोडलं तेव्हाच. दूरदृष्टी म्हणतात याला. योग्य माणसाकडे ठेवला होता, जो बाराच्या वर गाणी घेणार नाही आणि म्हणून एकही पुसणार नाही. हे मी तेव्हाच ओळखलं असणार.

ताईला म्हटलं, मला पाठव ते. लगेच आलं.

१ एप्रिल

माझ्याकडे आता एक गाणं आहे. भाऊजींकडे बारा.

पगार झाला. चादर कापली. हेडफोनची उधारी गेली, दुरुस्तीवाल्याचे आधीच गेले होते. बारा हजारांबद्दल आईला पुढे कधीतरी समजावून सांगेन, त्यामागे मोठं गणित आहे.

ढेकरला हेडफोन विकायला काढले. म्हणाला, आधी वाजतात का बघू. माझ्याकडे वाजवायला एकच होतं, ते लावलं. म्हटलं, दोन मिनिटं ऐक, कळेल. तो खाटेवर बसून पूर्ण अकरा मिनिटं ऐकत राहिला. नुकताच जेवून आला होता, तरी एकदाही ढेकर दिली नाही. शेवटी काढून म्हणाला, पातेलं पडल्यावर पण थांबत नाही रे म्हातारा. आणि मी मागितले त्याच्या निम्मे दिले.

ताईचा पुन्हा फोन. भाऊजी शाळेच्या तिसऱ्या मजल्याला लागलेत. फोन शिडीच्या पायरीवर, खाली बादली.

मी जागच्या जागी उभा राहिलो. मग थेट भाऊजींनाच फोन लावला. म्हटलं, भाऊजी, त्या फोनला कव्हर घ्या. चांगलं घ्या, पाणी न जाणारं. ते म्हणाले, अरे काही होत नाही त्याला, एकदा डिस्टेंपर पिऊन बसलाय. म्हटलं, भाऊजी, पाया पडतो, घ्या. गळ्यात अडकवायला दोरी पण घ्या. ते हसले, म्हणाले, तू पैसे पाठव, मी घेतो.

काय माणूस आहे. स्वतःच्या फोनचं कव्हर मेहुण्याच्या पैशांनी.

पाठवतोय. हेडफोनचे जेवढे आले तेवढे सगळे. साडेसातशे.